गप्प सेटचीही नोंद

ती घटना आठवली की आजही माझी कानशिलं तापतात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी चालू आहे, डॉक्टरांनी चिडायला बंदी केली आहे. पण काही राग गोळीने उतरत नाहीत, आणि ते उतरू नयेत असंच माझं मत आहे. मी कुणाचं नाव घेणार नाही, गावाचंही नाही. ज्यांना कळायचं त्यांना बरोबर कळेल.

काळ ऐंशीच्या दशकाचा. सिंधुदुर्ग जिल्हा नवा होता. कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत, फर्निचर मागून आणलेलं, आणि अधिकारी रोज सकाळी आपली खुर्ची जागेवर आहे का ते आधी बघायचे. मी फौजदार होतो आणि जिल्ह्याच्या बिनतारी कक्षाचा ताबा माझ्याकडे होता. बिनतारी म्हणजे वायरलेस. विजयदुर्गापासून खाली गोव्याच्या हद्दीपर्यंत जेवढी पोलीस ठाणी आणि किनाऱ्यावरच्या चौक्या, तेवढे सेट. प्रत्येक सेटजवळ एक नोंदवही असे. कुठला संदेश आला, कुठला गेला, सेट कधी बिघडला, सगळं तिच्यात लिहायचं. महिना संपला की वह्या दोरीने बांधून माझ्याकडे यायच्या आणि कोपऱ्यात रचल्या जायच्या. त्या उंदरांशिवाय कोणी उघडत नसे.

मी काही चौक्यांवर अचानक जाऊन पाहिलं. एका ठिकाणी उद्या दुपारपर्यंतच्या नोंदी आजच लिहून तयार होत्या. ‘सर्व ठीक’, ‘सर्व ठीक’, ‘सर्व ठीक’. विचारलं तर तिथला शिपाई शांतपणे म्हणाला, रोज तेच तर असतं साहेब. त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला होता. काढला नाही, कारण चूक त्या एकट्याची नव्हती. ज्याच्या कामाची नोंद, त्याच्याच हातात लेखणी, आणि वाचणारा कोणीच नाही, मग दुसरं काय होणार?

म्हणून मी मध्यवर्ती नोंद सुरू केली. प्रत्येक सेटवाल्याने आपल्या वहीत जे लिहायचं ते त्याच क्षणी सेटवरून मुख्यालयाला सांगायचं, आणि मुख्यालयातला ऑपरेटर ते आपल्या घड्याळाप्रमाणे आपल्या हाताने उतरवून घेणार. शिवाय दर तासाला मुख्यालय एकेका सेटला हाक मारणार. सेट बोलला तर नोंद, गप्प राहिला तरी नोंद. एवढीच ती योजना. पण जिल्हाभर असा गहजब झाला की जणू मी पगार कापायला निघालोय. मुख्यालयाला सगळे ‘सासू’ म्हणू लागले. मिठबावच्या बाजूचा एक ऑपरेटर तर सेटवरच म्हणाला, सासूबाईंना सांगा, सून जेवायला बसली आहे. मी तेही वाक्य नोंदवहीत उतरवून ठेवायला लावलं. एका तालुक्याचे ठाणेदार मला भर बैठकीत म्हणाले, “तुम्ही पोलीस आहात की तलाठी?” सगळे हसले. मीही हसलो. या ठाणेदारांकडे आपण पुढे येणारच आहोत.

गंमत अशी की पोलिसांना जी योजना नको होती, ती कोळ्यांना आवडली. ही गोष्ट ज्या किनाऱ्यावरच्या गावाची, तिथे बंदराचं कार्यालय नव्हतं. वादळाचा इशारा आला तर तो आमच्या चौकीवरूनच कळायचा. चौकीचा हवालदार तांडेलाकडे, म्हणजे होड्यांच्या म्होरक्याकडे निरोप धाडणार, तांडेल वाळूत रोवलेल्या काठीवर तांबडं फडकं चढवणार, आणि मग कोणी होडी पाण्यात घालायची नाही. पूर्वी हे इशारे उशिरा यायचे, कधी यायचेच नाहीत. सासू मागे लागल्यापासून ते वेळेवर येऊ लागले. गावाला हळूहळू सवय झाली. वारा संशयास्पद वाटला की एक माणूस चौकीवर धाडायचा, खबर नसेल तर होड्या निघायच्या.

पावसाळा संपून लग्नसराई सुरू झाली होती. त्या दिवशी मी वैभववाडीच्या वर घाटात होतो. संदेश पुढे फेकणारा आमचा मोठा सेट तिथे डोंगरावर होता, त्याची दुरुस्ती चालली होती. परत आलो तेव्हा कळलं की आदल्या दुपारी मुंबईहून वादळाचा इशारा आला होता, आणि पहाटे त्या गावाची एक होडी खडकांवर फुटली. होडीत तिघे होते. तांडेल स्वतः, त्याचा धाकटा भाऊ आणि एक तरुण खलाशी, विधवा आईचा एकुलता एक मुलगा. तांडेल वल्ह्याला धरून किनाऱ्याला लागला. बाकीचे दोघे गेले.

तिसऱ्या प्रहरी बातमी आली की तालुक्याच्या ठाण्याने तांडेलावरच गुन्हा दाखल केला आहे. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत. पुरावा काय, तर चौकीची नोंदवही. तिच्यात सरळ लिहिलं होतं की इशारा दुपारी मिळाला आणि तांडेलास समक्ष समज दिली. खाली हवालदाराची सही, शेजारी बैठकीतल्या त्याच ठाणेदारांची तपासणीची सही.

मी मुख्यालयाची नोंद काढली. इशारा सगळ्या सेटना दिला होता, सगळ्यांनी ‘मिळाला’ म्हणून उत्तर दिलं होतं, एका चौकीशिवाय. ती चौकी दुपारपासून गप्प होती. माझ्या ऑपरेटरने पुन्हा पुन्हा हाका मारल्या होत्या, शेवटी तालुक्याच्या ठाण्याला ट्रंक कॉल लावला होता, की माणूस पाठवून इशारा पोचवा. ठाणे अंमलदाराचं उत्तरही माझ्या त्या भल्या ऑपरेटरने शब्दशः लिहून ठेवलं होतं: ‘साहेब साखरपुड्यास गेले आहेत, आल्यावर निरोप देतो.’

ती नोंद घेऊन मी ठाणेदारांकडे गेलो. त्यांनी ती वाचली, चहा मागवला आणि मला शिकवणी सुरू केली. चौकीची बॅटरी उतरली होती. उतरलेल्या बॅटरीवर सेटला ऐकू येतं, पण बोलायला जोर पुरत नाही, हे तुमच्यासारख्या तज्ज्ञाला मी सांगायला हवं का? हवालदाराने इशारा ऐकला, तांडेलाला सांगितला, त्याचं उत्तर तुमच्यापर्यंत आलं नाही, एवढंच. आणि तुमची ही वही नियमावलीत कुठे बसते ते जरा दाखवा.

माझा संताप झाला, पण बोलणं खोटं ठरवता येईना. उतरलेल्या बॅटरीचं खरोखर तसंच होतं.

तांडेल तालुक्याच्या कोठडीत होता. गुन्हा जामीन मिळण्याजोगा होता, पण जामीन राहायला गावातून कोणी आलं नाही. सगळं गाव धरून चाललं होतं की इशारा मिळूनही त्याने फडकं चढवलं नाही आणि साखरपुड्यामुळे बाकीचे घरी बसलेले असताना आपल्याला मासळीला भाव मिळेल म्हणून तो गेला. सख्ख्या भावाला खाऊन आला, असं बायका पाणवठ्यावर बोलत होत्या. मी कोठडीच्या गजाजवळ बसलो. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. वल्ह्यामुळे छाती सोललेली. तो माझ्याकडे बघत नव्हता.

“वारो फिरलेलो, म्हणान मीच त्या पोराक चौकीर धाडलंय,” तो म्हणाला. “चौकीक कुलूप. मगे तो साखरपुड्याच्या मांडवात गेलो आणि हवालदाराक गाठल्यान. हवालदार म्हणालो, काय खबर नाय, जावा. तसा त्या पोरानच माका येवन सांगल्यान.”

मी विचारलं, हे जबाबात का नाही? त्याने सांगितलं होतं. ठाणेदारांनी लिहून घेतलं नव्हतं. मेलेल्या माणसाची साक्ष काढतोस का, असं म्हणून उलट त्यालाच झापलं होतं. आणि त्या मुलाच्या आईच्या कानावर ते गेल्यावर ती म्हणाली होती, माझ्या झिलाच्या मड्यावर हा आपलं खोटं लादतोय.

थोड्या वेळाने तो स्वतःहून बोलला. “पयलां आमी फक्त आभाळाक इचारी होतो, साहेब. तुमचो वायरलेस इलो आणि मगे तुमका इचारूक लागलो. थयच आमचा चुकला.”

मी उठून बाहेर आलो आणि जीपच्या बॉनेटवर मूठ आपटली. ड्रायव्हर दचकला.

खबर आली ती रविवारी, माझ्या घरी. आलेला माणूस ख्रिश्चन, पंचक्रोशीत लग्नकार्याला लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा त्याचा धंदा. चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, आटोपून थेट आला होता, अंगात कोट तसाच. बराच वेळ मुलांची चौकशी करत बसला. मग म्हणाला, पाद्रींना सांगून झालं, पण ओझं उतरलं नाही. त्या साखरपुड्याला लाऊडस्पीकर त्याचाच होता. यजमान म्हणजे तिथलं बडं प्रस्थ, ठाणेदारांचे जवळचे. दुपारी वीज गेली, याची बॅटरी बसली, आणि पाहुण्यांसमोर गाणी बंद पडली म्हणून यजमान भडकले. ठाणेदारांनी हवालदाराकडे बघून नुसती मान हलवली. हवालदार गेला आणि चौकीची बॅटरी खांद्यावर घेऊन आला.

मी विचारलं, नक्की चौकीचीच?

“सरकारी रंग होतो तिका. टर्मिनल खाऱ्या वाऱ्यान हिरवी झालेली. मीच घासून उंडीचा तेल लावलंय. दुसऱ्याची वस्तू घेतली तर बरी करून देवची, ही आमची रीत.”

मी म्हटलं, हे लिहून दे. तो उठून उभा राहिला. यजमानांच्या शब्दावर आपलं वर्ष चालतं, सही तेवढी नको, असं म्हणून हात जोडले. मला त्याचाही राग आला. पण तो आला तरी होता. त्या मांडवात दोनशे पानं उठली असतील, बाकीचे कोणी आले नव्हते.

गुन्ह्याचा तपास माझ्याकडे नव्हता. पण सेट आणि बॅटऱ्या माझ्या होत्या. सोमवारी मी बॅटरी तपासणीसाठी त्या चौकीवर गेलो. तपासणीला मला कोणाची परवानगी लागत नव्हती.

हवालदार निवृत्तीला आलेला होता. गोरा, ढिला, सगळ्यांशी गोड बोलणारा. अशा माणसांविषयी माझा अनुभव सांगतो. ते वाईट नसतात. त्यांना फक्त कोणालाही ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि पोलिसात हा दुर्गुण लाचखाऊपणाइतकाच महाग पडतो. त्याने खुर्ची पुसून दिली, शहाळं फोडून आणलं. मी ते बाजूला ठेवलं आणि बॅटरीजवळ उकिडवा बसलो.

खात्याकडून टर्मिनलला लावायला व्हॅसलीन मिळायचं. त्याची डबी कपाटावर न उघडता पडली होती. टर्मिनल मात्र लखलखीत घासलेली, वर काळसर तेलाचा हात. मी बोट फिरवून नाकाशी नेलं. उंडीच्या बियांचं तेल ज्याने दिव्यात जळताना हुंगलंय त्याला दुसरं काही सांगावं लागत नाही, इतका तो वास कडवट आणि उग्र. मी तेच बोट हवालदाराच्या नाकासमोर धरलं.

“हवालदार, हे व्हॅसलीन आहे?”

तो आधी शुद्ध मराठीत बोलत राहिला. तेल आपणच लावलं, व्हॅसलीन संपलं होतं. मी कपाटावरची डबी आणून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, शिपायाने लावलं असेल. मी शिपायाला आत बोलावलं, तो म्हणाला, मी त्या दिवशी रजेवर. मी आवाज चढवला नाही. चौकशीत ओरडणारा अधिकारी समोरच्याला विचार करायला वेळ देत असतो. मी एवढंच म्हटलं, की बॅटरी चौकीत नव्हती हे मला कळलंय. आता त्या दुपारी मांडवात तुला भेटायला कोण आलं होतं ते सांग.

हा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. तो खाली बसला, जमिनीवरच, आणि त्याची शुद्ध मराठी गेली.

“तो इलो होतो साहेब. मी पानार बसलेलंय. दारातसून इचारल्यान, खबर काय? सेट बंद, माका कसली खबर? पण सगळे बघी होते, ठाणेदारसाहेब बाजूकच. मी म्हटलंय, काय नाय, जावा.” मग त्याने तोंडावर दोन्ही हात घेतले. “तेना हात जोडल्यान माका, जाताना.”

दुसऱ्या दिवशी मढी किनाऱ्याला लागल्यावर ठाणेदार चौकीत आले होते. वही पुढे ओढून त्यांनी हवालदाराला सांगितलं, लिही. त्यांनी मजकूर सांगितला आणि याने लिहिला.

मी त्याला एक शिवी दिली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत हाताखालच्या माणसाला दिलेल्या शिव्यांपैकी तिचं मला कधीच वाईट वाटलं नाही. ज्या मुलाने नेमकं विचारलं त्याला याने समुद्रात धाडलं, आणि ज्याने विचारायला माणूस धाडला त्याला कोठडीत. एक बॅटरी गाण्यांना दिली ती चूक होती. पण ती वही पुढे ओढून लिहिणं, याला मी चूक म्हणत नाही.

जबाब दोन पंचांसमोर झाला. बॅटरीचा पंचनामा केला. जबाबाची बातमी फुटल्यावर लाऊडस्पीकरवाला आपण होऊन आला, सही केली, आणि तिथूनच न्यायालयात जाऊन तांडेलाला जामीन राहिला. त्याचा धंदा त्या बाजूला पुढे बसलाच. त्याने कधी तक्रार केल्याचं ऐकलं नाही.

आता या प्रकरणाचा निकाल ऐका. तांडेलावरचा गुन्हा ‘गैरसमजातून दाखल’ म्हणून मिटवण्यात आला. गैरसमज! कुणाचा, कशाविषयी, त्याचा उल्लेख नाही. हवालदाराला घरी बसवलं आणि त्याचं निवृत्तिवेतन कापलं. ठाणेदारांनी आपण फक्त मान हलवली, तोंडी आदेश दिलेला नाही, असा खुलासा केला. वहीत अक्षर हवालदाराचं होतं. ठाणेदारांची बदली झाली, आणि ती आधीपेक्षा चांगल्या जागी. मला वरिष्ठांनी बोलावून माझी पाठ थोपटली, मध्यवर्ती नोंद रीतसर मंजूर केली, आणि वर हेही सांगितलं की गावात जाऊन काही बोलायचं नाही. खात्याच्या अब्रूचा प्रश्न आहे.

अब्रू हा शब्द त्यांनी चहाचा कप हातात धरून उच्चारला, ते मी विसरलेलो नाही.

मी घरी गेलो, पूर्ण गणवेश चढवला, आणि मुख्यालयाची ती नोंदवही काखेत मारून त्या गावाला गेलो. तांडेल सुटून आला होता, पण त्याच्या दारात कोणी जात नव्हतं. त्याला म्हटलं, चल माझ्याबरोबर. त्या मुलाच्या आईचं घर माडांच्या मागे, वाळू लागते तिथेच. तांडेल अंगणाच्या कडेला थांबला, पुढे येईना. म्हातारी जाळं उसवत बसली होती. मुलाचं जाळं विकायला काढायचं म्हणून त्याची शिसं, म्हणजे जाळं बुडवणारी वजनं, सोडवून घेत होती. तिने मान वर करून गणवेशाकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बॅटरी कुठे गेली, कोणी नेली, सेट कधीपासून गप्प होता ते वाचून दाखवलं. मग हवालदाराचा जबाब तोंडी सांगितला. तुमचा मुलगा चौकीवर गेला होता, कुलूप पाहून मांडवात गेला, त्याने विचारलं, आणि पोलिसाने त्याला खोटं उत्तर दिलं. पोलिसाने, असं मी मुद्दाम म्हटलं. शेजारपाजारची माणसं कुंपणाशी जमली होती. त्यांना ऐकू जावं अशा आवाजात बोललो.

म्हातारीने हातातलं शिसं खाली ठेवलं.

“म्हणजे तेना इचारलेल्यान?”

“विचारलं होतं.”

ती माझ्याशी नाही, कुंपणाकडे बघून बोलली. “आयकलात मां? माझो झील इचारून गेलो. येडो नव्हतो तो.” आणि तांडेलाकडे न बघताच म्हणाली, “भायर कित्या उबो? भितुर ये. पाणी घे.”

तांडेल आत गेला. मी पायरीवरच थांबलो. मला तिने पाणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं मला अधूनमधून व्याख्यानाला बोलावतात तिथे विचारतात. हल्ली मोठ्या कचेऱ्यांत यंत्रंच एकमेकांच्या नोंदी एका ठिकाणी गोळा करतात असं माझा पुतण्या सांगतो, आणि माझ्या त्या सासूचं कौतुक करतो. चांगली गोष्ट आहे. नोंद नेहमी अशा हातात असावी ज्याला ती बदलून काही मिळणार नाही, हे मी तेव्हाही सांगत होतो. पण आमच्या सासूने त्या दुपारी आपलं काम चोख केलं होतं. सेट गप्प आहे, हे तिने लिहिलं, सांगितलं, ट्रंक कॉल करून ओरडून सांगितलं. ऐकणारे जेवायला बसले होते. वही कितीही खरी असो, ती मांडवात जाऊन कोणाला पानावरून उठवू शकत नाही.

निवृत्तीआधी एकदा त्या गावावरून गेलो. नवा तांडेल होता, जुन्याचाच पुतण्या. संध्याकाळची वेळ, होड्या तयार. तो वाळूत उभा राहून नुसता पश्चिमेकडे बघत होता. मी विचारलं, चौकीवर माणूस धाडलास का?

“धाडलंय, साहेब,” तो नम्रपणे म्हणाला. “पण आधी मी आभाळ बघतंय.”